विमानांकडे पाठ

सरूआक्कांनी कशालाही तोंडभरून चांगलं म्हटल्याचं मला आठवत नाही. त्यांची सर्वांत मोठी शाबासकी म्हणजे "बरं हाय". बदली होऊन मी तासगावात आले आणि त्यांच्याकडे दोन खोल्या भाड्यानं घेतल्या, तेव्हा ओळख व्हावी म्हणून भरली वांगी करून वाटीभर नेऊन दिली. आमच्या साताऱ्याकडची, कारळ्याचा कूट घातलेली. दुसऱ्या दिवशी वाटी घासून लख्ख परत आली, आत थोडे बेदाणे. "बरी हुती," एवढंच बोलून आक्का गेल्या. मी जरा खट्टूच झाले. संध्याकाळी त्यांचे यजमान तात्या अंगणात भेटले. म्हणाले, "बाई, वांगी केलीसा म्हनं. माझ्यापतोर काय आली न्हाईत."

चांगलं म्हटलं की नजर लागते, असं त्यांचं साधं गणित होतं. त्या घरात काळा ठिपका नसलेली वस्तू सापडणं अवघड. मिक्सर, फ्रीज, ट्रॅक्टरचं बोनेट, सगळ्यांना तीट. मी नवी स्कूटर घेतली आणि स्टँडवर लावून किल्ली काढते न काढते तोच आक्का काजळाचं बोट घेऊन हजर झाल्या आणि दिव्याखाली ठिपका लावून मोकळ्या झाल्या. मी पडले विज्ञान शिकवणारी. शाळेत अंधश्रद्धेवर दर वर्षी भाषण ठोकणारी. म्हटलं, "आक्का, लोखंडाला कसली नजर लागते?"

"लोखंडाला न्हाई वं," त्या म्हणाल्या, "त्यावर तुमी बसनार न्हवं?"

ती तीट मी कधी पुसली नाही. तरी वाद घालायची माझी खोड गेली नाही. दुपारी घरच्या बेदाण्यांतून काड्या निवडत बसलं, की मी जंतू, ताप, योगायोग असं सगळं समजावून सांगायची आणि आक्का मान डोलवत ऐकून घ्यायच्या. शेवटी म्हणायच्या, "तुमचं शाळंत खरं, माझं घरात खरं." पालथ्या घड्यावर पाणी. पण घडा इतक्या प्रेमानं ऐकत असे, की पाणी ओतायचा मला कंटाळा आला नाही.

या स्वभावापायी तात्यांना मात्र काय काय सोसावं लागे. तात्या पायदळातून निवृत्त झालेले. बोलणं मोजकं, चालणं अजून परेडचं. एकदा द्राक्षांचा व्यापारी बाग बघायला आला. बाग अशी लागलेली, की पानं कमी आणि घड जास्त. तात्यांनी आपल्या परीनं माल दाखवायला सुरुवात केली. एवढ्यात चहा घेऊन आक्का आल्या. व्यापारी खूश होऊन म्हणाला, "मावशी, नाद खुळा बाग आनलीय." झालं. "कशाची बाग वं," त्या घाईघाईनं म्हणाल्या, "मनी बारीक हायती. आन त्या तिकडल्या कडंला तर रोगच हाय." व्यापाऱ्यानं कप खाली ठेवला आणि सरळ तिकडल्या कडेला निघाला. तात्यांनी कपाळाला हात लावला. रोग नव्हताच, पण व्यापाऱ्यानं भाव पाडायचा तो पाडलाच. तात्या दोन दिवस जेवायला समोर बसले नाहीत. आक्कांना त्याचं काही वाटलं नाही. बाग सुखरूप उतरली, एवढ्यावर त्या तृप्त होत्या.

हे सगळं गमतीचं होतं, निदान मला ते गमतीचं वाटायचं. मग एका दुपारी काड्या निवडता निवडता त्या आपणहून बोलल्या.

"महेशच्या आदी मला पोरगी झालती, बाई. तिला आंगूळ घातली, पावडर लावली, झबलं घातलं आन मीच बघत बसले. सासूबाय म्हनाल्या, नगं बघू अशी डोळं भरून. पर माझं काय ध्यान हुतं? मनात आलं, किती देखनी हाय माझी बाय. तिसऱ्या दिशी ताप आला. ऱ्हायली न्हाई." हातातला बेदाणा त्या बराच वेळ तसाच धरून होत्या. "परक्याची नजर मिठा-मिरचीनं उतरती वं. आयेची न्हाई उतरत. आयेची लय खोल जाती."

तापाची कारणं मला पाठ होती. मी एकही सांगितलं नाही.

महेश त्यानंतरचा. तो झाला तेव्हापासून आक्कांनी त्याला डोळे भरून पाहिलं नाही. हे त्यांनी मला सांगितलं नाही, मी ते स्वतः पाहत होते. महेश सुट्टीवर घरी आला, की त्या चुलीकडे तोंड करून बसायच्या आणि गरम भाकरी मागे न बघता त्याच्या ताटात टाकायच्या. नेम चुकत नसे. तो बोलत असला की त्या शेंगा फोडायच्या, तो झोपला असला की त्या खोलीतून हलक्या पावलांनी, मान खाली घालून जायच्या. भिंतीवर त्याचा वर्दीतला फोटो होता, त्याच्या काचेवर गालाच्या जागी काजळाचा ठिपका. दर शनिवारी फडकं मारताना ठिपका पुसला जाई आणि नवा लागे. आणि असा हा जिवापाड झाकून वाढवलेला एकुलता एक मुलगा झाला काय, तर हवाई दलात वैमानिक. तेही लढाऊ विमानांवर. आणि मग त्याहून पुढं, कसरती करणाऱ्या तुकडीत, जिचं कामच मुळी हजारो लोकांनी मान वर करून बघत राहावं असं.

"सगळ्या जगाला दाखवाय निघालाय," आक्का म्हणायच्या. त्यात तक्रार होती आणि तिच्या आड अभिमान होता. तो अभिमानही त्या लगेच झाकायच्या.

एका प्रजासत्ताक दिनाला महेशची विमानं टीव्हीवर दिसणार होती. सगळी गल्ली आक्कांच्या सोप्यात जमली. आक्का आत मेथी निवडत बसल्या. बाहेर टाळ्या पडल्या की आतून आवाज यायचा, "झालं का?" कुणीतरी म्हणायचं, "अजून न्हाई." विमानं आली, गेली, तात्यांनी उभं राहून टीव्हीला सलाम ठोकला. लोक पांगल्यावर आक्का मूठभर मीठ, मोहऱ्या आणि लाल मिरच्या घेऊन बाहेर आल्या आणि त्यांनी टीव्हीवरून तीनदा उतरवून सगळं चुलीत टाकलं. मिरच्या जळल्या, पण कुणाला ठसका लागला नाही. ठसका लागला नाही म्हणजे नजर जबर, हे तोवर मलाही ठाऊक झालं होतं. आक्का चुलीकडे बघत म्हणाल्या, "लागंल न्हाई तर काय. समदी दिल्ली बघत असंल." मी हसले. त्या हसल्या नाहीत.

मग एका माघात महेशचा फोन आला. तात्यांनी तो स्पीकरवर लावला. हवाई दलाच्या कसरती या खेपेला आपल्याच भागात होणार होत्या, सांगलीच्या बाजूला एका मोठ्या माळावर.

"आय, या तुकडीतलं हे माझं शेवटचं साल हाय," महेश म्हणाला. "आपल्या मुलखावर उडायला मला परत मिळनार न्हाई. तू येशील न्हवं?"

"येते की. न यायला काय झालंय?"

"येशील. पर बघशील का?"

आक्का फोनकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "जेवलास का रं?"

पलीकडे महेश हसला, पण त्याचा आवाज उतरला. तो म्हणाला, "समद्यांच्या आया येऊन बघून गेल्या गं. माझीच ऱ्हायली." फोन बंद झाल्यावर आक्का उठून बागेत गेल्या आणि अंधार पडेपर्यंत आल्या नाहीत.

कसरतींच्या दिवशी माळावर जत्रा लोटली होती. ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या भरभरून माणसं आली होती. उसाच्या रसाची गाडी, भेळ, कागदी झेंडे, आणि शाळांच्या पोरांच्या रांगा. निवृत्त फौजी छातीवर पदकं लावून आले होते. वैमानिकांच्या घरच्यांसाठी मांडवात पुढं खुर्च्या होत्या. आक्का नवं लुगडं नेसल्या होत्या, हिरवं, लाल काठाचं. त्या आल्या, खुर्ची उचलली, उलटी फिरवली आणि माळाकडे पाठ करून, लोकांकडे तोंड करून बसल्या.

एक पोलीसबाई धावत आली. "मावशी, खुर्ची उलटी झालीय तुमची. इमानं तिकडनं येनार."

"ठावं हाय मला, बाई," आक्का म्हणाल्या आणि पदर सावरून घट्ट बसल्या.

मला त्या क्षणी त्यांचा इतका राग आला. एवढ्या लांब यायचं, शेवटची संधी आणि पाठ करून बसायचं? मी त्यांच्या शेजारी सरळ तोंड करून बसले. म्हणजे आमचे खांदे एकमेकींना लागून होते आणि तोंडं उलट दिशांना. आकाश माझ्या वाट्याला आणि माणसं त्यांच्या.

आधी एकटं लढाऊ विमान आलं. ते दिसलं, गेलं आणि मग आवाज आला. छातीत कुणीतरी ढोल वाजवावा तसा. तान्ही पोरं रडायला लागली, एका आजोबांची टोपी पडली. आक्कांनी माझा हात धरला. "ह्यो त्योच का?"

"नाही आक्का, महेशची नंतर आहेत."

मग हेलिकॉप्टरं वर-खाली झुलून गेली, मग रंगीत छत्र्या घेऊन जवान उतरले. आक्का लोकांकडे बघत होत्या आणि मला सांगत होत्या. "त्यो फेटेवाला बघा, तोंड उघडं टाकून बसलाय. त्या बाईनं पोराला डोक्यावरच घेतलंय." मी त्यांना आकाश सांगायचं आणि त्यांनी मला गर्दी सांगायची, असं आमचं चाललं होतं. मला वाटतं, माझा राग तिथंच कुठंतरी गेला.

आणि मग महेशची विमानं आली. लाल-पांढरी, नऊ, एकमेकांना चिकटल्यासारखी. निवेदकानं वैमानिकांची नावं घ्यायला सुरुवात केली. महेशचं नाव आणि गाव आलं तेव्हा सगळा माळ ओरडला. आक्कांनी मान खाली घातली, क्षणभरच, आणि पुन्हा वर करून त्या लोकांच्या चेहऱ्यांकडे बघू लागल्या. सूर्यफुलाच्या रानासारखे ते हजारो चेहरे एकदम डावीकडे वळत होते, एकदम उजवीकडे, एकदम वर. त्यावरून आक्कांना त्यांचं लेकरू कुठं आहे ते कळत होतं. विमानांनी मोठा गोल घेतला तसे चेहरे मागे मागे गेले, आणि आक्कांचीही मान नकळत त्या चेहऱ्यांबरोबर थोडी मागे गेली.

मग दोन विमानं समोरासमोर, एकमेकांवर चालून आली. सगळ्या चेहऱ्यांवर एकदम भीती आली. बायकांनी तोंडाला पदर लावले. आक्कांची नखं माझ्या हातात रुतली. त्यांना फक्त ती भीती दिसत होती, तिचं कारण दिसत नव्हतं.

"गेली, आक्का. एकमेकांना चुकवून गेली. काही झालं नाही."

"त्यात महेश हुता?"

"माहीत नाही."

"हसत्यात का बघू द्या," त्या म्हणाल्या. आणि लोक हसले, टाळ्या पडल्या, तेव्हा कुठं त्यांनी श्वास सोडला.

मी न राहवून म्हटलं, "आक्का, वळा आता. एकदाच बघा. किती सुंदर..." आणि जीभ चावली. पलीकडून तात्या बोलले. दुर्बीण डोळ्यांवरून खाली घेऊन, अगदी हळू. "सरे, बघ गं. पोरगं तुझ्यासाठी उडतंय." मी इतक्या वर्षांत तात्यांना विनवणी करताना ऐकलं नव्हतं. आक्कांचा खांदा माझ्या खांद्यावर हलला. त्या वळतायत असं मला वाटलं. खुर्चीच्या पाठीवर त्यांनी हातही टेकला. मग हात काढून घेतला आणि म्हणाल्या, "तुमी बघा वं. तुमच्या डोळ्यांनी काय हुत न्हाई."

विमानांनी मागं रंगीत धूर सोडला होता. वाऱ्यानं त्याचा वास खाली आमच्यापर्यंत आणला, घासलेटसारखा. आक्कांनी तो मोठा श्वास घेऊन आत ओढला. "सुट्टीवर आला की कापडास्नी असाच वास येतो त्याच्या," त्या म्हणाल्या. त्यांचे डोळे वाहत होते आणि त्यांनी ते पुसले नाहीत.

कार्यक्रम संपल्यावर महेश आला. घामानं केस चिकटलेले, गालावर ऑक्सिजनच्या मास्कचे वळ. लोक त्याच्याबरोबर फोटो काढायला झोंबत होते. गर्दी बाजूला सारत तो आईपाशी आला आणि गुडघ्यावर बसला.

"आय, बघितलंस?"

एक 'व्हय' म्हणून टाकलं असतं तर काय बिघडलं असतं, असं मला तेव्हा वाटलं. पण आक्कांना खोटं बोलता यायचं ते फक्त द्राक्षांबद्दल. त्या म्हणाल्या, "लोकं लय खूश झाली रं. येक म्हातारा तर रडला." महेशनं त्यांच्याकडे बघितलं. मग उलट्या खुर्चीकडे बघितलं. तो हसला, पण त्याचे ओठ नीट हसले नाहीत. आक्कांनी आपल्या डोळ्यातलं काजळ बोटावर घेतलं आणि त्याच्या कानामागं लावलं. त्यानं मान वाकवली. त्याचे सोबती थोडे लांब थांबले होते, त्यांच्यातलं कुणी हसलं नाही.

त्यानंतरच्या वर्षात महेशच्या मानेचं दुखणं निघालं. वेगात वळताना मानेवर जो भार येतो, त्यानं मणका झिजला होता. डॉक्टरांनी उडणं कायमचं बंद केलं. हवाई दलातच राहायचं, पण जमिनीवरच्या कामाला. त्यानं फोनवर सांगितलं तेव्हा आक्कांनी विचारलं, "म्हंजी आता वर जानार न्हाईस?"

"न्हाई आय."

"कवाच?"

"कवाच न्हाई."

गल्लीतल्या बायका म्हणाल्या, सुटली बाई आक्का, जिवाचा घोर गेला. तात्यांनाही तसंच वाटलं असावं, त्यांनी पेढे आणले. आक्कांनी पेढा हातात घेतला आणि तसाच ताटात ठेवला. दुसऱ्या दिवशी काड्या निवडताना त्यांनी मला विचारलं, "बाई, तवा बघाय पायजे हुतं का वं?"

मी जन्मभर पोरांच्या प्रश्नांना उत्तरं देत आले. त्यांनी बघितलं असतं आणि मग मानेचं दुखणं निघालं असतं, तर आक्का जगल्या नसत्या. आणि बघितलं नाही म्हणून आता त्या अशा जगत होत्या. मी म्हटलं, "मला नाही सांगता येत, आक्का." त्यांनी मान डोलवली.

पुढं एकदा त्या तात्यांना म्हणाल्या, "तुमच्या फोनमदी हाय न्हवं त्ये? दावा मला. आता बघाय हरकत न्हाई." तात्यांनी माळावर काढलेला व्हिडिओ लावला. त्यात निम्मं आकाश होतं आणि निम्मा तात्यांचा अंगठा. मधूनच लाल ठिपके सरकत होते. आक्कांनी फोन नाकाशी नेला. "ह्यात महेश कंचा?" तात्या बघू लागले, मी बघू लागले. कुणालाच सांगता येईना. आक्कांनी तो तसाच परत परत लावायला सांगितला आणि प्रत्येक खेपेला वेगळ्या ठिपक्यावर बोट ठेवलं.

मी आता निवृत्त होऊन साताऱ्याला परत आले आहे. आक्का मागच्या दिवाळीआधी वारल्या. महेशनंच फोन करून सांगितलं. कळवलं तेव्हा मला काड्या निवडायच्या त्या दुपारी इतक्या आठवल्या, की हातात धरायला काहीतरी हवं म्हणून मी डब्यातले बेदाणे काढून बसले. वाद घालायला आता माणूस नाही. अजूनही काही छान दिसलं की "वा" म्हणायच्या आधी मी अडखळते आणि मग "बरं आहे" म्हणते, आणि घरचे हसतात.

त्यांना शेवटचं पाहिलं ते तासगाव सोडताना. सामानाचा टेम्पो पुढं गेला होता. मी निरोप घ्यायला बेदाण्याच्या शेडवर गेले. आक्का शेडबाहेर उन्हात उभ्या होत्या, कपाळावर आडवा हात धरून, वर बघत. खूप उंचावरून एक विमान चाललं होतं, प्रवासी असावं, दक्षिणेकडे. आवाजही नीट येत नव्हता. मागे एक पांढरी रेघ उमटत होती. मी हाक मारली, त्यांनी ऐकली, पण मान खाली केली नाही. त्यांना असं बघताना मी कधी पाहिलं नव्हतं. पापणी न हलवता, तोंड किंचित उघडं, माळावरच्या त्या हजारो चेहऱ्यांसारखं.

"आक्का, कुणाचं विमान शोधताय?"

"शोधत न्हाई वं," त्या वरच बघत म्हणाल्या. "कुनातरी आयेचं लेकरू चालवत असंल. ती माउली बघत नसंल. मी बघते तिच्या वाटचं."

विमान दिसेनासं झालं, तरी त्या रेघ विरेपर्यंत बघत राहिल्या. मी शेजारी उभी राहून त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होते.